कोडची एकही ओळ न लिहिता गणित-कॉम्प्युटर सायन्सला जाताना

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऐरोलीत राहतेस, बारावीला बायफोकल (म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय) न घेता बायॉलॉजी घेतलंस, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या बी.एस्सी. गणित व कॉम्प्युटर सायन्सला नाव लागलं, आणि आता घरात सगळ्यांना काळजी लागलीय की हिने आजवर कोडची एक ओळ लिहिलेली नाही. ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने ‘सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, सगळं दोन महिन्यांत’ असं सांगितलंय आणि बाबा पैसे भरायला निघालेत. भरू द्यायचे का, असं तू विचारलंयस.

नको भरू देऊस. मी २००७ साली नौपाड्यातून याच कोर्सला गेले होते, तुझ्यासारखीच कोरी पाटी घेऊन. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तुला माहीत आहे, पण घरच्यांना सांग. ज्या प्रवेश परीक्षेतून तू निवडली गेलीस तिच्यात फक्त गणित होतं. प्रोग्रॅमिंग येणारीच मुलं हवी असती तर त्यांनी ते विचारलं असतं. पहिल्या सेमिस्टरचा प्रोग्रॅमिंगचा विषय शून्यापासून सुरू होतो आणि तो खरोखर शून्यापासून शिकवतात.

आमच्या वेळी तो विषय हॅस्केल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता. बायफोकलवाली मुलं सी प्लस प्लस आणि ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅम घोटून आलेली, दिल्लीकडची काही पायथन घेऊन आलेली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपलं काही खरं नाही. पण हॅस्केलमध्ये लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायची सोय, नसतो आणि एकदा ‘क्ष’ला किंमत दिली की ती बदलत नाही. त्यामुळे त्यांच्या हातात बसलेल्या निम्म्या सवयी तिथे चालेनात. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ गणितवाल्याला पहिल्यांदा बघताना खुपतेच, कारण असा क्ष असूच शकत नाही. सी किंवा पायथनमध्ये तिचा अर्थ ‘क्षच्या डब्यात होतं त्यात एक मिळवून परत ठेव’ असा होतो. हॅस्केलमध्ये ती ओळ लिहून काही उपयोगच नाही. तिथे फॅक्टोरियल लिहायचं तर दोन वाक्यं पुरतात: शून्याचं फॅक्टोरियल एक, आणि ‘न’चं फॅक्टोरियल म्हणजे ‘न’ गुणिले ‘न वजा १’चं फॅक्टोरियल. आपल्या अकरावीच्या पुस्तकात इंडक्शनचं प्रकरण आहे ना, त्याचीच ही घडण. पायाची पायरी आणि पुढची पायरी. ज्याने ते प्रकरण मन लावून केलंय त्याला रिकर्शन, म्हणजे असं स्वतःचाच आधार घेत लिहिणं, पंधरा मिनिटांत समजतं, आणि ज्याने पाठ करून मार्क मिळवलेत तो दिवाळीपर्यंत अडखळतो. ही मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे.

मग मी कुठे अडले? दोन ठिकाणी. एक म्हणजे लॅबमध्ये शेजारच्या मुलाचं बघून बघून लिहीत राहिले. त्याचा प्रोग्रॅम वाचला की कळायचा, म्हणून मला वाटायचं आपल्याला येतंय. परीक्षेत पेपरवर हाताने प्रोग्रॅम लिहायची वेळ आली तेव्हा पहिली ओळ सुचेना. वाचून कळणं आणि कोऱ्या कागदावर उतरवणं यात किती अंतर आहे ते त्या दिवशी समजलं. मैत्रिणीशी चर्चा खुशाल कर, पण लिहिताना तिची स्क्रीन समोर नको.

दुसरं अडणं जास्त खोल होतं, आणि त्याचा प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नव्हता. अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या पायाच्या विषयात, पहिल्यांदा सिद्धता लिहायला दिल्या. बारावीपर्यंत आपण उत्तर काढतो, इथे उत्तर आधीच दिलेलं असतं आणि ‘का’ ते लिहायचं असतं. माझी पहिली वही लाल शेऱ्यांनी भरून आली. प्रत्येक पानावर ‘हे कशावरून?’ या अर्थाचा शेरा. पहिल्या वर्षात आमच्यापैकी जे गळपटले ते इथे. कोड येत नाही म्हणून कुणी मागे राहिलेलं मला आठवत नाही.

आणि या डिग्रीत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ओळखायची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ती रीत मोजक्या ओळींत मावते. त्या लेखातलं बाकीचं लिखाण ती बरोबर का आहे आणि वेळेत का संपते, याची सिद्धता आहे.

आता सुट्टीत काय करायचं. माझी भाची कोपरीला राहते, गेल्या वर्षी तिच्याबरोबर केलं तेच तुला सांगते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४ माहीत असेल. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात झाली, नोकरी देवळालीला शिक्षकाची. चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांड, चढत्या क्रमाने मांड, वजाबाकी कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलंस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथून पुढे ६१७४च येत राहतं. कुठूनही सुरुवात कर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतेस.

भाचीने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. दहा-बारा संख्यांना बरोबर उत्तर आलं. मग तिने २१११ दिले आणि उत्तर आलं शून्य. आधी म्हणाली, मावशी, कापरेकर चुकले. मी म्हटलं, कागदावर कर. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर आपण ते सहज ०९९९ धरतो आणि ९९९० वजा ०९९९ करून ८९९१ला जातो. प्रोग्रॅमला मात्र ९९९ ही तीन अंकी संख्या दिसते, उलटी-सुलटी केली तरी ९९९, वजाबाकी शून्य. चूक सापडायला तिला पाऊण तास लागला, मी मुद्दाम गप्प बसले. पुढचं शून्य जपून ठेवल्यावर ८९९१, ८०८२, ८५३२ करत पाचव्या पायरीला ६१७४ आलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात आईला सांगायला धावली. तो पाऊण तास दोन महिन्यांच्या क्लासमध्ये मिळत नाही, कारण तिथे सर फळ्यावर चालणारा प्रोग्रॅम लिहून देतात.

मग तिने सगळ्या संख्या तपासल्या. ०००० ते ९९९९, सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर ९,९९०. सगळ्या ६१७४ला गेल्या. ही सिद्धता झाली का? झाली, संख्या मोजक्या आहेत आणि एकही सुटलेली नाही. पण आता पेन घे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे पुढे काय होणार ते फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजून बघ, अशा जोड्या फक्त ५४ होतात. ९,९९०चं काम ५४वर आलं, आणि ते एका रविवारी कागदावरही होतं. तू ज्या डिग्रीला चाललीयस ती मला विचारशील तर ही आहे.

भाषा पायथनच घे, हॅस्केल तिथे गेल्यावर. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर माधवन मुकुंद यांचा पायथनमधून प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा कोर्स आहे, ते तुझ्याच संस्थेत शिकवतात आणि व्हिडिओ बघायला पैसे लागत नाहीत. रोज एक तास पुरे. त्याच्या जोडीला रोज एक सिद्धता लिही, पूर्ण वाक्यांत, दुसऱ्या दिवशी स्वतःच ‘हे कशावरून?’ विचारत तपास. लॅपटॉप साधा चालेल, आठ जीबी रॅम असली की झालं, गेमिंगवाला उगाच घेऊ नका. जमल्यास विंडोजऐवजी लिनक्स टाकून फाइली, फोल्डर, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) यांची सवय करून घे. न बघता टायपिंग येत नसेल तर तेवढं शिक.

बाबांना सांग, क्लासचे पैसे चेन्नईच्या येण्याजाण्याला आणि पुस्तकांना ठेवा, पहिल्या वर्षी लागतात.

आणि ६१७४चा प्रोग्रॅम जमला की तो तीन अंकांवर चालव, ४९५ येईल. मग पाच अंकांवर चालव. तिथे एका संख्येवर येऊन थांबायची वाट बघणारा प्रोग्रॅम थांबणारच नाही. तो का थांबत नाही आणि थांबवायचा तर त्याने काय लक्षात ठेवायला हवं, हे शोधून इथेच लिही. मी वाचेन.