‘उदात्त पेशा’ कोणाचा?

आमच्या कोल्हापुरातील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा : जन्मभर कोल्हापुरी चपला केलेल्या आपल्या वडिलांच्या सत्कारासाठी त्यांनी मानपत्राचा मसुदा लिहिला आणि त्यात ‘या उदात्त पेशात त्यांनी आयुष्य वेचले’ असे वाक्य घातले. मसुदा तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘उदात्त पेशा’ खोडून तेथे ‘पारंपरिक धंदा’ असे लिहिले, कारण उदात्त पेशा शिक्षकाचा किंवा डॉक्टरचा असतो, असे त्यांचे म्हणणे. शब्दार्थाच्या दृष्टीने बरोबर कोण, हे बाईंना हवे आहे.

‘पेशा’पुरते उत्तर सोपे आहे. हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ काम, कारागिरी, उपजीविकेचा उद्योग एवढाच आहे. ‘धंदा’ही मुळात हलका शब्द नव्हे, कामधंदा, जोडधंदा, धंदेशिक्षण हे शब्द आपण निःसंकोच वापरतो आणि करवीर तालुक्यातील शेतकऱ्याला दुधाचा जोडधंदा सांगताना मान खाली घालावी लागत नाही. मात्र ‘शिक्षणाचा धंदा मांडला’ यासारख्या बोलण्यातून त्याला नफेखोरीचा वास चिकटला, म्हणून मानपत्रात तो खटकतो.

‘व्यवसाय’ हा शब्द येथे अधिक विचार करण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा एक मुख्य अर्थ निश्चय असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ म्हणजे दुकानदाराची बुद्धी नव्हे, तर एका ठिकाणी ठरलेली बुद्धी. ज्यांचा असा निश्चय नसतो त्यांच्या बुद्धीला अनंत फाटे फुटतात, असे त्याच श्लोकात पुढे म्हटले आहे. ‘कसब’ या शब्दाचा प्रवास तर मला फार मोलाचा वाटतो. अरबीत त्याचा अर्थ कमाई. मराठीने कमाई मागे टाकून हातातले कौशल्य तेवढे ठेवले. मात्र याच शब्दापासून झालेल्या ‘कसबीण’ या शब्दात स्त्रीच्या वाट्याला केवळ अवहेलना आली, हेही विसरता येत नाही.

आता खरा वादाचा शब्द ‘उदात्त’. आज आपण तो थोर, उन्नत या अर्थाने वापरतो, पण व्याकरणशास्त्रात तो वैदिक उच्चारातील एका स्वराचे नाव आहे. पाणिनीची सूत्रे ‘उच्चैरुदात्तः’ आणि ‘नीचैरनुदात्तः’ अशी आहेत : जो उंच उच्चारला जातो तो उदात्त, जो खाली उच्चारला जातो तो अनुदात्त. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अमुक अक्षर जन्मतःच उदात्त आणि तमुक कायमचे अनुदात्त, अशी विभागणी पाणिनीने केलेली नाही. तोच ‘अ’ एका शब्दात उदात्त असतो आणि दुसऱ्यात अनुदात्त. मसुदा तपासणाऱ्या गृहस्थांनी नेमकी ही जन्मजात विभागणी गृहीत धरली. त्यांनी पेशांची यादी करून काहींपुढे ‘उदात्त’ लिहून टाकले, जणू वर्गात पाट्या टाकणारा शिक्षकही केवळ त्या यादीत असल्यामुळे उदात्त ठरावा.

चपलेकडेच पाहावे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. हिरड्यासारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले कातडे चामड्याच्याच वादीने शिवलेले असते. वादी कमी ताणली तर ते विकताना गिऱ्हाइकाला दिसत नाही, घातल्यावर पुढे केव्हातरी कळते. जेथे चूक झाकता येते तेथे ती न करणे, याला मी उदात्त म्हणेन, मग ते काम कातड्याचे असो वा इंजेक्शनचे. (2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते वस्तूला मिळाले, करणाऱ्याला शब्द शोधणे आपल्याकडेच राहिले.)

आपल्या गावाने हे एकदा फार चांगले केले आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव मिस्त्री यांना कोल्हापूरने ‘बाबूराव पेंटर’ म्हटले. त्यांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला, 1920 साली ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला, तरी नाव पेंटरच राहिले, आणि ते उच्चारताना कोणाला काही कमी वाटले नाही.

तेव्हा बाईंचे वाक्य अर्थाने बरोबर आहे आणि खोडण्याचे कारण चुकीचे आहे. तरीही ‘उदात्त पेशा’ ही जोडी भाषणांतून इतकी झिजली आहे की वडिलांच्या मानपत्रात मी ती ठेवणार नाही. ‘कसबी कारागीर’ असा आपला जुना प्रयोग आहे, आणि श्रावणातल्या कहाण्यांनी ‘घेतला वसा टाकू नये’ हे घराघरांत पोचवले आहे. त्या दोहोंच्या आधाराने मी असे लिहीन : ‘हे कसबी कारागीर आहेत, वादी ताणून ओढण्याचा वसा त्यांनी घेतला आणि गिऱ्हाईक पाहत नसतानाही तो टाकला नाही.’