‘नॉन-इनोसंट’ लिगँडला मराठीत काय म्हणावं?

रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: रेडॉक्स-सक्रिय (म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊ-देऊ शकणाऱ्या) लिगँडवर, धातूच्या अणूला चिकटणाऱ्या अशा रेणूंवर, मराठीत लेख लिहितोय, ‘नॉन-इनोसंट लिगँड’ला ‘अनिरागस लिगँड’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध. त्याला निर् लागून निरागस झाला. नकार शब्दातच असताना त्यावर आणखी ‘अ’ कशाला चढवायचा? शिवाय मराठीत निरागस म्हटलं की लहान मुलाचा चेहराच डोळ्यांपुढे येतो. ‘निर्दोष’ हा कोर्टातला शब्द जास्त जवळचा. पण त्याचं उलट ‘सदोष’ म्हणजे बिघाड असलेला, आणि या लिगँडमध्ये बिघाड कसलाच नसतो.

‘इनोसंट’ ही मूळ संज्ञा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योर्गेनसन यांची, १९६६ची. ज्या लिगँडमुळे धातूचा ऑक्सिडीकरण अंक (त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले याचा हिशेब) ठामपणे सांगता येतो, तो त्यांच्या लेखी ‘इनोसंट’. अमोनिया तसा. नायट्रिक ऑक्साइडला मात्र त्यांनी ‘सस्पेक्ट’ म्हटलं, आणि मला उत्तर इथेच दिसतं.

पिरिडीन-डायइमीन हा लिगँड घ्या. डायअसिटिलपिरिडीन आणि एखादं ॲनिलीन यांच्या संघननातून तो तयार होतो आणि तीन नायट्रोजननी लोहाला धरतो. त्याच्या लोह-डायहॅलाइड संयुगाचं (लोहावर क्लोरिन किंवा ब्रोमिनसारखे दोन अणू असलेल्या) नायट्रोजन वायूत सोडियम अमाल्गमने (सोडियम-पाऱ्याच्या मिश्रणाने) क्षपण केलं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन दिले, की दोन्ही हॅलाइड निघून जातात आणि कागदावर लोह शून्यावर येतं. पण स्फटिकातले बंध मोजा. मोकळ्या लिगँडमध्ये इमीनचा कार्बन-नायट्रोजन बंध साधारण १.२८ अँगस्ट्रॉम असतो. लिगँडने दोन इलेक्ट्रॉन घेतले की तो १.३६कडे सरकतो, आणि शेजारचा कार्बन-कार्बन बंध १.४९वरून १.४०च्या आसपास आखडतो. या संयुगांत बंध त्याच दिशेने हललेले दिसतात. म्हणजे इलेक्ट्रॉन बऱ्याच अंशी लिगँडने ठेवून घेतलेत, आणि लोह शून्यावर न राहता +२कडे झुकलेलं आहे. (अशी लोह-संयुगं दोन दुहेरी बंध जोडून चार कार्बनचं कडं घडवतात, त्यामागेही हीच साठवण असावी असं मानलं जातं.)

‘साळसूद लिगँड’ म्हणायचा मोह मलाही झाला. शब्द कानाला गोड लागतो. पण साळसूदपणात आव आणणं येतं, आणि लिगँड आव आणत नाही. हिशेब आपला चुकलेला असतो. म्हणून ‘संशयित लिगँड’ म्हणा, आणि त्याच्या जोडीला ‘निर्दोष लिगँड’. संशय घेणारे आपण, हे त्यात आपोआप येतं.

फक्त ‘रेडॉक्स-सक्रिय’च्या जागी ‘संशयित’ वापरू नका. इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याची क्षमता हा लिगँडचा गुण, तो रेडॉक्स-सक्रियच राहतो. बंधांची लांबी आणि मॉसबाउअर वर्णपट (गॅमा किरणांनी लोहाच्या अणूची अवस्था तपासणारा) यांनी इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते ठरवून दिलं, की त्या संयुगापुरता तो संशयित उरत नाही.