खासगी लॅबचा डेंग्यू रिपोर्ट पॉझिटिव्ह, तरी सरकारी नोंदीत रुग्ण नाही. नागपुरात तक्रार नक्की कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की मानेवाड्याच्या पुढे, बेसा रोडकडच्या तुमच्या लेआउटमध्ये चार घरांत डेंग्यू आहे. सगळ्यांचे खासगी लॅबचे रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि तक्रार केली तर ‘आमच्या नोंदीत तिथला एकही रुग्ण नाही’ असं उत्तर मिळतं. आकडे लपवतात का, असं विचारलंय. मी नागपुरातच एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पावसाळ्यात असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. लपवाछपवी कुठेच होत नाही अशी हमी मी कशाला देऊ, पण तुमच्या बाबतीत साधं कारणच जास्त संभवतं. सरकारी हिशेबात तुमचे चारही रुग्ण अजून ‘संशयित’ आहेत.

खासगीत बहुतेक ठिकाणी कार्ड टेस्ट होते. पट्टीवर रक्ताचे थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते. डॉक्टरला उपचार ठरवायला ती उपयोगी आहे, पण सरकार ‘निश्चित’ रुग्ण मोजतं तो एलायझा या प्रयोगशाळेत होणाऱ्या रक्ततपासणीवर. ती नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होते. आयजीएम (डेंग्यूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) शोधणाऱ्या एलायझाचे किट तिथे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून येतात. हा नागपूर-पुणे धागा जुना आहे बरं का. १९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकनगुनियाची साथ असताना इथल्या रुग्णांचे नमुने पुण्याला गेले होते, त्यातूनच चांदीपुरा विषाणू पहिल्यांदा हाती लागला.

एलायझाची प्लेट एकेका नमुन्यासाठी लावत नाहीत, नमुने साठले की लावतात. म्हणून निकालाला काही दिवस जातात. शिवाय ताप कितव्या दिवशी आहे यावर सगळं अवलंबून असतं. एनएस१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन, पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. तिसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करून ‘निगेटिव्ह आला’ म्हणून निश्चिंत झालेले लोक मी भरपूर पाहतो. तेव्हा नमुना कुठेही द्या, ताप सुरू झाल्याची तारीख फॉर्मवर लिहायला लावा.

आता तुम्ही काय करायचं? खासगी डॉक्टर आणि लॅबने पॉझिटिव्ह रुग्ण आरोग्य विभागाला कळवणं अपेक्षित असतं. तुमच्या लॅबला सरळ विचारा, कळवलं का, आणि कुठल्या पत्त्यावर. पत्त्यात नुसतं ‘बेसा रोड, नागपूर’ लिहिलं असेल तर घरोघर फिरणारा आरोग्य कर्मचारी कोणतं घर शोधणार? लॅबमध्ये सीरम (रक्तातून वेगळा केलेला द्रव भाग) काही दिवस राखून ठेवलेलं असतं, ते एलायझाला पाठवता येतं का हेही विचारा. ते संपलं असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नव्याने रक्त द्या.

दुसरा घोळ हद्दीचा. मानेवाड्याकडून बेशाकडे जाताना मनपा कुठे संपते ते रस्त्यावरून कळत नाही. तुमची घरटॅक्सची पावती काढून बघा. पावती मनपाची असेल तर तक्रार झोन कार्यालयात आणि मनपाच्या हिवताप व हत्तीरोग विभागात. नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीची असेल तर मनपाच्या माणसाला तुमच्याकडे यायचा अधिकारच नाही. मग फवारणी-सफाईसाठी त्या पंचायतीकडे जा, आणि रुग्णांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. लेआउट नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यास) मंजूर केलाय की एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), याचा डासांच्या तक्रारीशी संबंध नाही. त्या दारात चपला झिजवू नका.

तुम्ही फॉगिंगची मागणी केलीय. माझं मत विचाराल तर ती दुय्यम आहे. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार. पण धूर दिसतो, आवाज येतो, लोक खूष, पुढारीही खूष. डेंग्यूचा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, म्हणजे तो तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या चिखलाचा फोटो तुम्ही टाकलाय, पण गढूळ डबक्यापेक्षा त्याला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. त्याच प्लॉटवर पडलेले टायर, डबे, थर्माकोल बघा. बाजूला बांधकाम चालू असेल तर तिथलं टाकं आणि स्लॅबवर साचवलेलं पाणी बघा.

आणि सगळ्यात आधी कूलर. आपल्या गावात उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतून निघत नाही, उकाडा झाला की पुन्हा चालू करू म्हणून तसाच राहतो, तळाशी चार बोटं पाणी. नुसतं पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला टाकीच्या भिंतीला चिकटतात, कोरडी कित्येक महिने टिकतात, आणि पाणी भरलं की फुटतात. टाकी घासूनच ठेवावी लागते. ताप आलेल्या चार घरांचे कूलर आणि गच्चीवरची टाकी आजच तपासा, मनपाची वाट बघू नका.

लेखी तक्रारीत ‘डास फार झालेत, फॉगिंग करा’ एवढंच लिहू नका. ‘रुग्णांच्या घरांभोवती कंटेनर सर्वेक्षण (पाणी साठलेल्या भांड्यांची तपासणी) करा, अळीनाशक टाका, एलायझासाठी नमुने घ्या’ असं लिहा. चारही घरांचे पूर्ण पत्ते, ताप सुरू झाल्याच्या तारखा आणि रिपोर्टच्या झेरॉक्स जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. रिकाम्या प्लॉटचा मालक माहीत असेल तर नावासकट वेगळा अर्ज द्या, कारण नोटीस मालकाच्या नावानेच निघते.