सांगलीत आमच्या हळदीच्या अडत पेढीवर विंडोज १० काढून ११ टाकायचंय. नजर कमी असलेल्या दिवाणजींचं काम अडू नये म्हणून काय करावं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा टाळू नका. आधी त्यांच्या आत्ताच्या सेटिंग्जचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरत्या असतात, म्हणून दिवाणजींना स्वतंत्र लॉगिन द्याच. पेढीवर सगळे एकाच खात्यावर बसतात, तिथंच घोळ होतो.

विंडोज ११ टाकून झालं की विंडोज आणि यू ही बटणं एकत्र दाबा, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या (वापर सोपा करणाऱ्या) सेटिंग्ज उघडतील. अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर फरक पडला नाही, तर डिस्प्लेमधला स्केल वाढवा, नाहीतर विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबून मॅग्निफायर, म्हणजे पडद्यावरचं भिंग, लावा.

सौद्याच्या वेळा विंडोज अपडेटमधल्या ॲक्टिव्ह अवर्समध्ये (कामाच्या वेळांत) टाका, म्हणजे ऐन लिलावात अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही. आणि हे सगळं दिवाणजींना शेजारी बसवून, विचारून करा.