आठ गुण कशाचे?

चि.,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच अडखळलो. हल्ली असं कोण लिहितं? पण तू 'काका, शीट बघा आणि नीट सांगा' असा मेसेज टाकलास, आणि नीट सांगायचं म्हटलं की माझ्या हातून पत्रच होतं. तेव्हा तळमजल्यावरच्या काकाचं हे लांबण हॉस्टेलच्या गच्चीवर बसून सावकाश वाच.

वर्षभरात शंभर सुपरहिरो सिनेमे बघायचे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, हा तुझा घाट मला मनापासून आवडला. 43 झालेसुद्धा, तेही परीक्षा सांभाळून. शीट उघडली आणि सवयीने मोजत बसलो. 43 पैकी 31 सिनेमांना तू 8 दिलेत. शाळेत तोंडी परीक्षेचे गुण वाटतात ना, समोर आला त्याला अठरा, पुढच्यालाही अठरा, तसं झालंय. आणि 'शेरा' नावाचा रकाना तू स्वतःच आखलायस, तो वरपासून खालपर्यंत कोरा.

मला सांगायचंय ते एवढंच आहे: आधी शेरा, मग गुण. शेरा म्हणजे परीक्षण नव्हे. सिनेमा संपला त्याच रात्री, झोपायच्या आधी, त्यातला डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग दोन ओळींत लिहायचा. काहीच राहिलं नसेल तर 'काही राहिलं नाही' असं लिहायचं. त्यानंतर आकडा. उलटं केलंस तर आकडा आधी बसतो आणि मग आपण त्याच्यासाठी कारणं शोधत फिरतो.

'सुपरमॅन'चंच घे, 1978 चा. तू 6 दिलेस आणि फोनवर म्हणालीस, 'उडणं खोटं वाटतं हो.' वाटणारच, आज वाटणारच. पण ते कसं केलं होतं ते ऐक. पडद्यावर समोरून ढगांचं आणि शहराचं चित्र टाकायचं, त्याच्यापुढे सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हला टांगायचं. झोरान पेरिसिक नावाच्या माणसाने प्रोजेक्टरला झूम लेन्स लावली, कॅमेऱ्यालाही लावली, आणि दोन्ही एकमेकींना जोडून टाकल्या. दोन्ही लेन्स एकदम फिरल्या की मागचं चित्र आहे तेवढंच राहतं आणि माणूस मात्र आपल्या अंगावर येतो किंवा लांब जातो. माणूस जागचा हललेलाही नसतो. कॉम्प्युटरचा पत्ता नाही. त्या दृश्यपरिणामांना ऑस्करवाल्यांनी खास पुरस्कार दिला. म्हणून गुण वाढव असं मी म्हणत नाही. जुनं आहे म्हणून चार गुण वाढवून देणं हीही लबाडीच.

मी तुला दुसरं दाखवतो. लॉइसच्या घरी क्लार्क येतो, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅनच, आणि हे तिला माहीत नाही. ती कोट आणायला आत जाते. तो एकटा. चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ ताठ करतो, आणि आपल्या देखत उंच होतो. तिला हाक मारतो तो आवाजही वेगळा, भरदार. आता सांगून टाकणार असं वाटतं. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, खांदे परत पडतात, आवाज परत किनरा. ना तार, ना प्रोजेक्टर. एक नट आणि एक चष्मा. या जागेबद्दल तुझ्या शेऱ्यात एक ओळ असती आणि खाली 6 असता, तर मी तुझ्याशी वाद घातला नसता. नुसत्या 6 शी काय वाद घालू?

दुसरी गोष्ट. तारखेच्या शेजारी 'कुठे पाहिला' असा एक रकाना आख. हसू नकोस. आमच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढे बसायला जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो, तिकडूनही चित्र दिसायचंच, फक्त उलटं. 'मिस्टर इंडिया' मी पहिल्यांदा असा मागून पाहिला. अनिल कपूर अदृश्य होतो ते यंत्र कुठल्या हातात, यावर पुढे कित्येक वर्षं मी मित्रांशी पैजा लावल्या आणि हरलो. पण तो लाल प्रकाश मात्र मागूनही लालच होता. अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो, या एका अटीवर अख्खा सिनेमा तोललेला आहे. त्यातली करामत पीटर परेरा यांची, बरीचशी थेट कॅमेऱ्यातच केलेली. 1987 साल. त्या सिनेमाला मी आजही 9 देतो, आणि त्यातला निदान एक गुण त्या रस्त्याचा आहे हे मला माहीत आहे.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'चंही तेच. 2019 च्या एप्रिलमध्ये पहाटेच्या खेळाला गेलो होतो, डोळ्यांत झोप, हातात थंड झालेला समोसा. लायक माणसालाच उचलता येतो तो थॉरचा हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हातात येतो त्या क्षणाला थिएटरात जे काही झालं, त्याला शिट्ट्या म्हणणं म्हणजे पावसाळ्याला शिंतोडे म्हणण्यासारखं. घरी येऊन 10 दिले. दोन वर्षांनी लॅपटॉपवर, एकटा, मध्ये दोनदा उठून पाहिला: 7. यातला खरा कुठला, असं तू विचारशील. दोन्ही. माझ्या वहीत दोन्ही आकडे आहेत, पहिला खोडलेला नाही. तीन तास एक मिनिटाचा तो सिनेमा आधीच्या एकवीस सिनेमांची उधारी वसूल करत असतो. ज्याने ते एकवीस पाहिलेच नाहीत त्याला त्या हातोड्याचं काय? तुझ्या 8 मध्ये अशी जुनी उधारी किती आणि त्या सिनेमाची स्वतःची कमाई किती, ते जरा तपासून बघ.

आता माझ्या धंद्यातलं. तू पाच ठिकाणी 'व्हीएफएक्स बकवास', म्हणजे दृश्यपरिणाम बकवास, म्हणून गुण कापलेत (शेरा नाही, नुसता लाल रंग भरलायस, पण मला कळलं). काप, हरकत नाही. फक्त कोणाचे कापतेस ते समजून घे.

मी शिकवायला लागायच्या आधी मुंबईत सात वर्षं रोटो केलं. परदेशी सिनेमांची पुष्कळशी कामं आपल्याकडे होतात, त्यातलं हे सगळ्यात तळाचं. नट रस्त्यावर उभा आहे, त्याच्या मागचा रस्ता काढून तिथे दुसरं जग बसवायचंय. त्यासाठी आधी नट रस्त्यापासून सोडवायला हवा. खांदा वेगळा, दंड वेगळा, मनगट वेगळं, प्रत्येक बोट वेगळं, अशा रेषा आखायच्या आणि फ्रेममागून फ्रेम सरकवायच्या. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चार सेकंदांचा शॉट माझ्याकडे होता, म्हणजे 96 फ्रेम, नटीचे केस वाऱ्यावर उडतायत. केस कशाला म्हणतात ते मला त्या नऊ दिवसांत कळलं. एकेक बट उडते, तिची कड मागच्या भिंतीत विरघळते, नेमकी कुठे संपते ते तिलाही माहीत नसतं. नऊ दिवसांनी शॉट पास झाला. सिनेमा लागला, तिकीट काढून गेलो, तर तो शॉट सिनेमात नव्हताच. कापलेला. नावंही सगळ्यांची येत नसत, माझं आलं नाही. स्टुडिओचं नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय.

हे दयेसाठी लिहीत नाही. वाईट दिसलं ते वाईटच दिसलं, प्रेक्षकाने पैसे मोजलेत. पण बघताना एवढं विचार, की हे घाईचं वाईट आहे की डोक्यातलंच वाईट आहे? शेवटच्या अर्ध्या तासात आभाळातून प्रकाशाचा खांब कोसळतो आणि राखाडी रंगाची हजारो भुतं धावून येतात, तेव्हा बहुतेक वेळा चूक कड कापणाऱ्याची नसते. काय दाखवायचं ते ठरवणाऱ्याला कोणाची तरी भीती दाखवायची होती, कोणाची ते सुचलं नाही, म्हणून त्याने गर्दी दाखवली. 'स्पायडरमॅन 2'मधली आगगाडी आठव, 2004 ची. गाडी थांबवून तो कोसळतो, चेहऱ्यावर मुखवटा नाही, आणि डब्यातले लोक त्याला हातांवर झेलून आत नेतात. अरे, हा तर पोरसवदा आहे, असं कोणीतरी म्हणतं. मला त्या मारामारीतला एकही ठोसा आठवत नाही. ते हात आठवतात.

टक्केवारीच्या साइटबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या शीटमध्ये तो आकडा चिकटवलेला दिसला. रॉटन टोमॅटोजवरचे 92 टक्के म्हणजे शंभरपैकी 92 गुण नव्हेत. शंभर समीक्षकांतल्या 92 जणांना सिनेमा एकंदरीत बरा वाटला, एवढंच. सगळ्यांनी दहापैकी सहा दिले तरी शंभर टक्के होऊ शकतात. म्हणजे कोणालाही न खटकणारा सिनेमा तिथे शंभरात जातो आणि निम्म्यांना वेड लावणारा पन्नासात. तो रकाना काढून टाक. ठेवायचाच असेल तर स्वतःचे गुण दिल्यावर बघ.

'स्पायडर-व्हर्स'ला तू 9 दिलेत, 2018 च्या. बरोबर. पण का आवडला ते विचारलं तर म्हणालीस, 'भारी दिसतो.' आता पुन्हा बघ, जंगलातला प्रसंग. मुरलेला स्पायडरमॅन पीटर आणि नवशिका माइल्स जाळं टाकत झाडांतून जातायत. पीटर सेकंदाला चोवीस चित्रांनी हलतो, माइल्स बाराच चित्रांनी. एकाच फ्रेममध्ये दोघं, आणि पोरगा अडखळत चाललाय असं वाटतं, कारण त्याला खरोखरच निम्मी चित्रं दिलीयत. सिनेमा पुढे सरकतो, त्याला जमायला लागतं, तशी त्याचीही चोवीस होतात. कोणी सांगत नाही, संवाद नाही. वर्गात मी हा प्रसंग मुलांना फ्रेम-फ्रेम थांबवून दाखवतो आणि दर वर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून 'आयला' म्हणतं. तो माझा पगार.

वाईट सिनेमे गाळू नकोस. 1997 चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' तू यादीतून काढलायस, परत घाल. त्याच्यानंतर आठ वर्षं बॅटमॅनचा सिनेमाच आला नाही, आणि आला तो दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा. आधीचं पाणी किती गढूळ होतं ते पाहिल्याशिवाय नंतरचं का नितळ वाटलं ते कळणार नाही. शिवाय 2 आणि 3 गुण द्यायला हात एकदा सरावायला हवा. दोन-दोन आवृत्त्या असतील तिथे कुठली पाहिली ते लिही: 'जस्टिस लीग' 2017 ची वेगळी, आणि झॅक स्नायडरची चार तासांची 2021 ची वेगळी. नाव एक, सिनेमे दोन.

यादीत आपल्याकडचं काहीच नाही, याचं मात्र वाईट वाटलं. 'क्रिश' नको असेल तर राहू दे, मीही आग्रह करणार नाही. मराठीत 2015 साली श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला होता, तो बघ आणि जे वाटेल ते न घाबरता लिही. आपल्या भाषेचा म्हणून वाढीव नको. मल्याळममधला 'मिन्नल मुरली' (2021) तर बघच. एकाच वेळी पडलेली वीज गावातल्या दोघांना लागते. एक शिंपी, त्याचा होतो नायक. दुसरा ज्याला गावाने कायम वेडा म्हणून हिणवलं, त्याचा होतो खलनायक. शक्ती दोघांची तीच. त्या दुसऱ्याचं रडणं बघितलंस की हॉलिवूडच्या जांभळ्या-हिरव्या खलनायकांना दिलेले गुण तू स्वतःच कमी करशील.

आणि मालेगाव. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं. तिथल्या नासिर शेख यांनी गावच्याच माणसांना घेऊन, तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव का सुपरमॅन' केला. तो होताना फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. सुपरमॅन झालाय शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी. उडण्यासाठी मागे हिरवं कापड ताणलंय, ते नंतर काढून तिथे आभाळ बसवायचं, आणि कॅमेरा एकच, तोही पाण्यात पडतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी हसलो, मग गप्प झालो, कारण ते हिरवं कापड आणि माझ्या स्टुडिओतलं हिरवं कापड एकच काम करत होतं. पेरिसिकची जोडलेली लेन्सही तेच करत होती. माणूस जमिनीपासून सोडवायचा. 1978 च्या 'सुपरमॅन'च्या ओळीखाली हा घाल आणि दोघांना एकाच पट्टीने गुण देऊन दाखव. मला जमलेलं नाही. वहीत त्या जागी आजही नुसता शेरा आहे.

दिवाळीत येशील तेव्हा माझी वही बघायला ये. काकू चकल्या करणार आहेत, पण 'बॅटमॅन अँड रॉबिन' लावणार असू तर त्या बसणार नाहीत, असं त्यांनी आत्ताच बजावलंय. तब्येतीला जप, मेसचं जेवत जा.

तुझा,
काका

ता. क. : ओळ क्रमांक 17 तपास. 'बॅटमॅन, 1992, 8 गुण' असं लिहिलंयस. 1992 चा तो 'बॅटमॅन रिटर्न्स'; नुसता 'बॅटमॅन' 1989 चा. दोन्ही टिम बर्टनचे, दोन्हींत मायकल कीटनच. जोकर आठवत असेल तर पहिला, पेंग्विन आठवत असेल तर दुसरा. हे 8 कुठल्याचे, तेवढं कळव.