१९७०च्या दशकातली गंजलेली प्यूजो रेसिंग सायकल घ्यावी का? घेतली तर कशी उभी करायची?

तुम्ही फ्रान्समधल्या लियोंमध्ये शिकताय, लबॉनक्वां या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या जुन्या सायकलीची नुसती फ्रेम दिसली आहे, रंग उडालाय, गंज चढलाय, आणि विकणारा म्हणतोय की गंज वरवरचा आहे. माझं उत्तर असं: प्यूजो जरूर घ्या, पण नुसती फ्रेम घेऊ नका. मोडकीतोडकी का असेना, अख्खी सायकल शोधा. त्या काळच्या फ्रेंच सायकलींची मापं बाकी जगापेक्षा वेगळी आहेत, आणि तिचे कप (पायडलच्या धुरीची बेअरिंगं धरणाऱ्या वाट्या), हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं), स्टेम (हँडल धरणारा भाग), सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) एकेक करून जमवायला गेलात तर फ्रेमच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्यातच जातील. जुने भाग जागेवर असले की छर्रे आणि ग्रीस बदलून बहुतेक काम भागतं.

गंजाला लोक फार घाबरतात. नळीवरचा तांबूस थर, रंगाचे टवके, क्रोमवरचे ठिपके यांनी फ्रेम मरत नाही. फ्रेम मरते ती वाकल्याने, नाहीतर आतून कुजल्याने. सायकल समोरून कशावर आदळली असेल तर त्याची खूण एकाच जागी सापडते. हेडट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) लगच्या (नळ्या जोडणारी धातूची बाही) मागे दोन ते पाच सेंटिमीटरवर, वरच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. तिथे रंगाला आडव्या बारीक चिरा किंवा सुरकुती असली की समजा नळी दबली आहे, आणि सायकल तिथेच सोडा. मग बाजूने पाहा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पायांचा वरचा सरळ भाग हेडट्यूबच्या रेषेत हवा. तो मागे गेलेला दिसला तर चिमटा वाकलाय.

आतला गंज बघायला सीटपोस्ट काढून टॉर्च मारा. पावसाचं पाणी सीटट्यूबमधून (सीटखालची नळी) उतरून तळाच्या शेलमध्ये (पायडलची धुरी बसते ती आडवी नळी) साचतं, म्हणून शेलच्या खालच्या अंगाला आणि चेनस्टेच्या (शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) सांध्यापाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर नको.

सीटपोस्ट आणि स्टेम विकणाऱ्यासमोरच हलवून पाहा. ही अट सोडू नका. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ओलीत बसला की त्याच्यावर ऑक्साइड धरतो. हा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पोस्ट पाचर मारल्यासारखा आवळला जातो. अडकलेला पोस्ट सोडवायचा तर तळाचा बेअरिंग संच काढून, फ्रेम उलटी करून आतून पेनेट्रेटिंग ऑइल सोडायचं, तीन-चार दिवस थांबायचं, मग पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये (बाकावरचा शिकंजा) पकडून अख्खी फ्रेम पिळायची. बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर वरून कापून आतून हॅक्सॉच्या पानाने उभी चीर पाडत बसावं लागतं, आणि त्यात नळीला जखम होते. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम विरघळतं खरं, पण हायड्रोजन वायू सुटतो, रंग जातो आणि डोळ्यांना धोका असतो. पहिल्या सायकलीवर हा प्रयोग नको.

आता मापं. जाताना खिशात व्हर्निअर (बारीक माप मोजायचं साधन) ठेवा. रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या स्टीलच्या नळीच्या, पीएक्स-१० या महागड्या मॉडेलचा सीटपोस्ट साधारण २६.४ मिमी असतो, स्वस्त मॉडेलांत तो २४ मिमीच्या आसपास येतो. फ्रेमवरचा नळीच्या नावाचा स्टिकर खोटा असू शकतो, पोस्टचं माप सहसा खोटं बोलत नाही. स्टेमचा दांडा २२.० मिमी, बाकी सगळीकडे २२.२. नवा स्टेम लागलाच तर २२.२चा घेऊन त्याचा दांडा एमरी पेपरने ०.२ मिमी उतरवता येतो. हँडलची पकड मात्र २५.० मिमी असते, त्यात २५.४चं हँडल कोंबू नका. जुना स्टेम वापरणार असाल तर दांड्याच्या तळाची खाच नीट तपासा. तिथून पुढे गेलेली केसाएवढी चीरही पुरे, तो स्टेम फेकायचा.

सगळ्यात जास्त घोटाळा तळाच्या कपांत होतो. फ्रेंच आटे ३५ मिमी व्यासाचे, एक मिमी अंतराचे. इंग्लिश कप ३४.८ मिमीचा आणि इंचाला २४ आटे. फरक इतका थोडा की इंग्लिश कप फ्रेंच शेलमध्ये पहिले दोन-तीन वेढे गुपचूप जातो, मग आवळतो. तिथे पाना जोरात मारला की शेलचे आटे गेले. कपावर बहुतेकदा ३५×१ किंवा १.३७×२४ असं कोरलेलं असतं, ते आधी वाचा. आणखी एक भानगड: फ्रेंच सायकलीत उजवा कपही सरळ आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. काही वर्षं प्यूजोने स्विस आटेही वापरले. त्यांचं माप तेच, पण उजवा कप उलट्या आट्यांचा. कोणते आहेत हे ठरल्याशिवाय ताकद लावू नका. उजवा कप आतून गुळगुळीत असेल तर काढूच नका, जागेवर पुसून घ्या. काढावाच लागला तर कपाच्या चपट्या बाजू व्हाइसमध्ये धरा आणि फ्रेमच पान्यासारखी फिरवा. सरळ आट्यांचा उजवा कप चालवताना सैल होत जातो, म्हणून परत बसवताना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून घट्ट आवळा. छर्रे पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ११.

क्रँक काढतानाही सावध. स्ट्राँगलाइट कंपनीच्या जुन्या क्रँकला (पायडलचा दांडा) २३.३५ मिमीचा पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लागतो. नेहमीचा २२ मिमीचा पुलर लावून जोर केलात तर क्रँकचे आटे उखडतील. पायडलवर डी आणि जी अक्षरं दिसतील. फ्रेंचमध्ये द्रुआत म्हणजे उजवं, गोश म्हणजे डावं, आणि डाव्याचे आटे उलटे. पायडलचे आटे १४ मिमीचे, आजच्या ९/१६ इंचापेक्षा किंचित बारीक. कार्यशाळेत टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून क्रँक नव्या मापाची करून घेता येते.

लियोंमध्ये स्वतः सायकल दुरुस्त करायच्या सामुदायिक कार्यशाळा आहेत. सभासद झालात की हत्यारं मिळतात आणि जुन्या भागांची खोकीही चाळता येतात. फ्रेंच मापाचे भाग मिळायला जगात याहून चांगली जागा नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सिम्प्लेक्स कंपनीचा डेलरिन प्लॅस्टिकचा असेल तर तो ठिसूळ झालेला असतो, बदलाच. पण सिम्प्लेक्सच्या हँगरला (डिरेलर अडकवायचा फ्रेमचा कान) आटे नसतात. तिथे १०×१चा टॅप मारून, डिरेलर टेकायला कानशीने छोटी खाच करावी लागते. हे काम अनुभवी माणसाच्या हातून करून घ्या.

चाकांना काटकसर नको. क्रोमच्या स्टील रिम पावसात ब्रेकला दाद देत नाहीत. अॅल्युमिनियमची ७००सी मापाची चाकं घ्या. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांतलं अंतर पाच गिअरच्या फ्रेमला १२० मिमी असतं. १२६ मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) बसवायचा तर दर बाजूला तीन मिमी पसरावं लागतं, स्टीलला ते सोसतं. नंतर एक दोरी एका टोकाला बांधून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणा, आणि दोरीपासून सीटट्यूबचं अंतर दोन्हीकडे मोजा. एक मिमीपर्यंत फरक चालेल.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे: पुन्हा रंगवू नका. ऊन-पावसाने विटलेला मूळ रंग आणि मूळ अक्षरं एकदा गेली की परत येत नाहीत. गंज काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरा, लिटरला साधारण २५ ग्रॅम, कोमट पाण्यात. फडकं भिजवून गंजावर गुंडाळा, वरून प्लॅस्टिक लावा आणि रात्रभर ठेवा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा, कारण काही रंग फिके पडतात. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर तासाभरात नवा तांबूस थर येतो. वर मोटारीचं मेण. नळ्यांच्या आत जवसाचं तेल सोडून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

जोडताना सीटपोस्ट आणि स्टेमला भरपूर ग्रीस लावा. हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर हेडसेटच्या वाटीत खड्डे पडले आहेत. पिंजऱ्यातले छर्रे काढून त्याच मापाचे सुटे, एक-दोन जास्त छर्रे भरा. मग ते जुन्या खड्ड्यांत बसत नाहीत. केबल आणि ब्रेकचे रबर नवेच घ्या. पहिल्या ५० किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट आणि उजवा कप पुन्हा आवळा, आणि २०० किलोमीटरला आणखी एकदा तपासा.