राखणदार ठेवा, पण इंजिन रात्री पाण्यात सोडू नका

प्रश्न असा आहे: शिडाची बोट घेऊन परदेशात फिरताना, नांगरावर उभी असलेली बोट आणि तिची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी नाव, चोरांपासून कशी राखायची? किनाऱ्यावरचा एखादा माणूस राखणीला ठेवला तर भागेल का?

दुसऱ्या भागाचं आधी सांगतो. नाही भागत. आणि चोरी झाली की त्या माणसाच्या माथी खापर फोडायचा अधिकारही तुम्हाला नाही. हे मी तावातावाने लिहितोय, कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, घर ढिवराचं. जहाजावर खलाशी म्हणून गेलो, पुढे एका खासगी शिडाच्या बोटीवर डेकहँड, म्हणजे डेकवरची कामं करणारा, होतो, कॅरिबियन बेटांमधले हिवाळे तिच्यावर काढले. त्यामुळे तिकडच्या बोटचोऱ्याही जवळून पाहिल्या आणि वैनगंगेवरच्याही. दोन्हीकडे चोराला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे मागे लावलेलं इंजिन. आख्खी बोट सहसा कोणी नेत नाही, ती लपवायची कुठे? पण 15 हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे असं मागे अडकवायचं इंजिन, 40 किलोच्या आसपास भरतं. दोन माणसं ते उचलून आपल्या नावेत टाकतात आणि निघून जातात.

गोसेखुर्द धरणाचं पाणी अडलं, नदी रुंद झाली, आणि डोंग्याने जाळी टाकायला जाणं वल्हेकऱ्यांना जड जाऊ लागलं. म्हणून आमच्याकडच्या मासेमारी सोसायटीने एक फायबरची नाव आणि इंजिन घेतलं. राखणीला माझे मामा. घाटावर पळसाच्या फाट्यांची झोपडी, हातात बॅटरी, सोबत एक कुत्रा. ठराव असा होता की रोज संध्याकाळी इंजिन काढून गावातल्या सोसायटीच्या खोलीत ठेवायचं. पण त्या खोलीत एका पदाधिकाऱ्याच्या धानाची पोती रचलेली होती, ती कोणी हलवेना. मग इंजिन नावेवरच राहू लागलं. मामांनी हे दोनदा बोलून दाखवलं होतं. "मामाजी, तुम्ही आहात ना," असं म्हणून विषय संपवला गेला.

एका सकाळी नाव खुंट्याला होती, दोर जसाच्या तसा, इंजिन नाही.

मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. सोसायटीची बैठक भरायच्या आधी मी नाव नीट पाहिली. मागच्या फळीवर, जिथे इंजिनाचे दोन स्क्रू आवळलेले असतात, तिथे लाकडात दोन गोल खोलगट खुणा होत्या आणि कडेला कुठेही ओरखडा नव्हता. म्हणजे घाईत उपटलं नव्हतं, स्क्रू हाताने सैल करून सरळ वर उचललं होतं. पेट्रोलची नळी कापलेली नव्हती, खटका दाबून सोडवलेली होती. ज्याने काढलं त्याला इंजिनाची चांगली माहिती होती. आणि मुख्य म्हणजे नावेच्या तळाला चिखलाचा एकही पाय नव्हता. आमच्या घाटावर गुडघ्याइतका गाळ आहे, तो तुडवून आलेला माणूस नावेत स्वच्छ पाय ठेवूच शकत नाही. चोर पाण्यावरून आला होता, वल्ही मारत, अंधारात. मामांची झोपडी रस्त्याच्या तोंडाला होती, कारण सोसायटीनेच ती तिथे बांधून दिली होती.

बैठकीत मामा एवढंच म्हणाले, "रस्त्यानं कोणी आला नाही जी. आला असता तर कुत्रं भुकलं असतं."

"मंग इंजिन का पंख लावून उडालं?" बैठकीतून कोणीतरी विचारलं.

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. दिवाळीला हा माणूस माझ्या पायाला हात लावतो आणि मला संकोच होतो. तो त्या दिवशी सगळ्या गावासमोर मान खाली घालून उभा होता, कारण त्याच्या तोंडावर "आतून कोणी तरी सामील आहे" असं म्हटलं गेलं. मी फळीवरच्या खुणा सांगितल्या, चिखलाचं सांगितलं, खोलीतल्या पोत्यांचंही सांगितलं. उत्तर मिळालं की तुम्ही भाचे, तुम्ही मामाचीच बाजू घेणार. त्यांचे महिन्याचे पैसे कापले गेले. मामांनी ते काम सोडलं, आणि घाटाकडे ते आजही जात नाहीत. इंजिन सापडलं नाही. त्या लोकांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे: इंजिन उचलून आत ठेवलं असतं तर राखणदाराची गरजही अर्धीच होती.

आता तुमच्या बोटीचं.

कॅरिबियनमध्ये फिरणारे लोक डिंगीबद्दल म्हणतात, उचला नाहीतर गमवा. शब्दशः खरं आहे. रात्री डिंगी दोराने मागे तरंगत ठेवायची नाही. शीड चढवायच्या दोराला तीन टोकांचा पट्टा अडकवून विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रावर, ती बाजूने वर घ्यायची, निदान डेकच्या उंचीपर्यंत, आणि मग तारेने बोटीला कुलूपबंद करायची. आमच्या बोटीवर हे काम अंधार पडायच्या आत उरकायचं, कॅप्टन कितीही दमलेला असला तरी. एका नांगरवाड्यात, म्हणजे बोटी नांगर टाकून उभ्या राहतात त्या जागी, एका रात्रीत शेजारच्या बोटींच्या डिंग्या गेल्या, आमची राहिली. नशिबाचा भाग यात फार नव्हता. चोर रांगेतली सगळ्यात सोपी बोट निवडतो.

इंजिनाच्या दोन स्क्रूंवर बसणारं नळीसारखं कुलूप मिळतं, ते लावाच. तार घेताना नुसती डिंगीच्या रबरी बाजूला चिकटवलेल्या कडीतून ओवू नका, ती कडी चाकूने सुटते. तार फळीतल्या लोखंडी कडीतून, इंजिनातून आणि पेट्रोलच्या टाकीतून अशी एकच फिरवून घ्या. स्टीलची तार कटरने तुटते हे मला माहीत आहे. तरी तोडायला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि चोराला तेच नको असतं. इंजिनावरचं कंपनीचं नाव रंगाने झाकून टाका. नवं कोरं चमकणारं इंजिन मिरवण्यात काही अर्थ नाही. नंबरचा फोटो मात्र काढून ठेवा, पोलिसात तक्रार द्यायला आणि विम्याला तोच लागतो. बऱ्याच पॉलिसींत इंजिन कुलूपबंद असण्याची अटही असते, ती आधी वाचा.

डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव लिहायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. धक्क्याला बांधलेली डिंगी वाचून कोणालाही कळतं की अमुक बोटीवर आत्ता कोणी नाही. काही देशांत मात्र डिंगीवर खूण असणं बंधनकारक आहे, तिथे नियम पाळावा लागेल.

नांगरावर रात्री पांढरा, चहूबाजूंनी दिसणारा दिवा लावणं हा समुद्री नियमांचाच भाग आहे, त्याबद्दल वेगळं सांगत नाही. झोपताना खालचं दार आणि वरच्या खिडक्या बंद ठेवा. उकाड्याने ते जमत नसेल तर आतून लोखंडी गज बसवून घ्या.

आणि कोणी बोटीवर चढलाच तर सामानासाठी भिडू नका. सर पीटर ब्लेक हे न्यूझीलंडचे फार मोठे नौकापटू, 1995 आणि 2000 मध्ये अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची मोठी शर्यत जिंकणाऱ्या संघाचे प्रमुख. डिसेंबर 2001 मध्ये ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या मुखाशी मकापाजवळ त्यांची 'सीमास्टर' ही बोट नांगरावर उभी होती. रात्री लुटारू चढले. ब्लेक यांनी बंदूक उचलली आणि त्यांनाच गोळी लागून ते गेले. लुटारूंनी नेलं काय, तर 15 हॉर्सपॉवरचं एक आऊटबोर्ड आणि काही घड्याळं. ते इंजिन काही तितक्या मोलाचं नव्हतं, हे मी आजही मनात धरून बसलो आहे.

राखणदाराकडे परत येतो, कारण इथेच लोक चुकतात. एका बेटावर आम्ही आत फिरायला जाताना तिथल्या एका म्हाताऱ्या मासेमाऱ्याला बोटीवर लक्ष ठेवायला सांगायचो. त्याच्याकडून मासे घ्यायचो, भाव करायचो नाही, त्याच्या नातवाला मी गाठी शिकवल्या. त्याने आमच्या बोटीजवळ परकी नाव फिरताना पाहिली की ओरडून हाकलली. शेजारच्या नांगरावरचे लोक मात्र सकाळी उठून पहिला संशय याच मासेमाऱ्यांवर घ्यायचे. त्यांना भाषा येत नव्हती आणि त्यांनी कोणाचं नावही विचारलेलं नव्हतं. अशा किनाऱ्यावर तुमच्यासाठी कोण जागा राहील? माणूस ठेवायचा तर त्याला पाण्याच्या बाजूने बसायला जागा द्या, पैसे आधी ठरवून वेळेवर द्या, आणि त्याचं काम फक्त ओरडायचं आहे हे दोघांनीही समजून घ्या. कुलूप आणि उचलणं हे तुमचं काम.

माझा अनुभव कॅरिबियन बेटांचा आणि गोड्या पाण्याचा आहे. भूमध्य समुद्रातल्या किंवा आग्नेय आशियातल्या नांगरवाड्यांची रीत वेगळी असू शकते, तिथे फिरलेल्यांना विचारा. बंदूक जवळ ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल तर बहुतेक देशांत ती बंदरात शिरतानाच जाहीर करावी लागते, आणि लपवली तर तुरुंगात तुम्ही जाल.

डिंगी किती फुटांची आहे आणि बोटीच्या मागे ती उचलायचे लोखंडी हात बसवलेले आहेत का, ते खाली लिहा. नसतील तर तीन टोकांचा पट्टा कुठे कुठे बांधायचा ते मापानिशी सांगतो.